आईच्या इकोत ‘सिव्हिअर पीएएच’ लिहिलंय, पण हे नेमकं कुठल्या प्रकारचं? माझं सविस्तर उत्तर

कळव्याच्या एका दादांनी प्रश्न विचारलाय, थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आई ६१ वर्षांची, वजन ८४ किलो, बीपी आणि शुगर दोन्ही बरीच वर्षं. वर्षभरापासून ठाणे स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबावं लागतं, संध्याकाळी पाय सुजतात, रात्री जोरात घोरते. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर रिपोर्टमध्ये ईएफ (हृदयाची रक्त ढकलायची ताकद) ६०, डावं एट्रिअम (हृदयाचा वरचा कप्पा) मोठं, आरव्हीएसपी (फुप्फुसाकडच्या प्रेशरचा अंदाज) ६५ आणि खाली ठळक अक्षरात सिव्हिअर पीएएच, म्हणजे पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन. एक डॉक्टर म्हणाले हार्टचं आहे, दुसरे म्हणाले फुप्फुसाचं, मामेभाऊ म्हणतो यावर सिल्डेनाफिल नावाची गोळी असते ती लगेच चालू करा. आणि मे महिन्यात केदारनाथचं बुकिंग झालंय, तर आईला न्यायचं की नाही.

मी ठाण्यातच चेस्ट फिजिशियन म्हणून बरीच वर्षं काम करतोय, असे रिपोर्ट सतत हातात येतात, म्हणून नीट बसून लिहितोय. लांब होईल पण पूर्ण वाचा, कारण या आजारात प्रकार कळायच्या आधी सुरू केलेलं औषध नुसतं वाया जात नाही, कधी कधी पेशंटला त्रास देऊन जातं.

आधी तो ६५ आकडा. इको मशीन फुप्फुसातलं प्रेशर थेट मोजत नाही. उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड व्हॉल्व्हमधून जे थोडं रक्त उलटं येतं त्याचा वेग मशीन पकडतं, त्या वेगाचा वर्ग करून चारने गुणायचं आणि त्यात उजव्या एट्रिअमचं अंदाजे प्रेशर मिळवायचं. वेग सेकंदाला ३.७ मीटर असेल तर ५५ च्या आसपास येतात, वर १० धरले की झाले ६५. आता प्रोबचा अँगल जरा तिरका पडून तोच वेग ३.४ मोजला गेला असता तर रिपोर्टमध्ये ५६ आलं असतं, आणि ते वरचे १० सुद्धा अंदाजाचेच. कॅथेटर घालून खरं प्रेशर मोजलं तर इकोच्या आकड्यात १० मिमीपेक्षा जास्त फरक निघणं ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. त्यामुळे इकोवरून ‘शक्यता किती’ एवढंच ठरवतात. वेग २.८ पर्यंत आणि उजव्या बाजूला बाकी काही खुणा नसतील तर शक्यता कमी, ३.४ च्या वर गेला तर जास्त. तुमच्या आईंच्या बाबतीत पल्मनरी हायपरटेन्शन आहे असं धरून पुढे जायला हरकत नाही.

पण ‘पीएएच’ हे जे लिहिलंय ते धरून चालू नका. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत प्रेशर वाढलंय, कारण काहीही असो, त्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणजे पीएच म्हणतात. पीएएच हा त्यातला फक्त एक ग्रुप आणि तोही दुर्मिळ, दहा लाख मोठ्या माणसांत साधारण पन्नासच्या घरात. आपल्याकडे इकोच्या टेम्प्लेटमध्ये सरसकट पीएएच छापून येतं, घरचे ते शब्द शोधतात, त्याची औषधं सापडतात आणि मग मामेभावासारखा सल्ला मिळतो. त्याचा हेतू चांगलाच आहे, पण पायरी चुकतेय.

आता प्रेशर म्हणजे काय ते बघू. शरीराचं बीपी आपण १२०-८० म्हणतो, फुप्फुसातलं त्यामानाने फारच कमी असतं, सरासरी १४ मिमीच्या आसपास. हृदयाची उजवी बाजू पातळ भिंतीची असते कारण तिला एवढ्याच प्रेशरवर काम करायचं असतं, मिनिटाला पाच-एक लिटर रक्त ती फुप्फुसातून आरामात ढकलते. हे सरासरी प्रेशर २० च्या वर गेलं की पीएच. पूर्वी ही रेषा २५ ला होती, २०१८ च्या नीसच्या जागतिक परिषदेत ती २० वर आणायची शिफारस झाली आणि २०२२ च्या युरोपियन गाइडलाइन्समध्ये तीच आली. जुन्या लेखात २५ वाचलं तर गोंधळू नका. आणि हेही लक्षात ठेवा की ही सरासरी आहे, इकोवरचा ६५ हा सिस्टॉलिक म्हणजे वरचा आकडा आहे, दोन्ही एकमेकांशी लावून बघू नका.

प्रेशर कशामुळे वाढतं याचं उत्तर ‘अडलंय कुठे’ यात आहे. घोडबंदर रोडवर रोज जाणाऱ्यांना हे पटकन कळेल. गायमुख घाटात ट्रक बंद पडला की गाड्या कासारवडवलीपर्यंत तुंबतात, आता कासारवडवलीचा रस्ता खराब नाहीये, त्रास पुढे आहे. हृदयाची डावी बाजू नीट रिकामी होत नसेल किंवा सैल पडत नसेल तर रक्त असंच मागे फुप्फुसात तुंबतं, हा झाला एक प्रकार. दुसऱ्यात कासारवडवलीचा रस्ताच खोदकामामुळे अरुंद झालेला असतो, म्हणजे फुप्फुसाच्या धमन्याच जाड आणि निमुळत्या होतात, किंवा गुठळ्यांनी बुजतात, किंवा फुप्फुसच खराब झाल्यामुळे आकसतात.

हे दोन वेगळे करायला राइट हार्ट कॅथ करतात. गळ्यातल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी उजव्या हृदयातून फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेतात, टोकाचा छोटा फुगा फुगवून पुढचं म्हणजे डाव्या बाजूचं प्रेशर मोजतात, त्याला वेज प्रेशर म्हणतात. वेज १५ च्या वर असेल तर त्रास डाव्या बाजूकडून आहे, १५ किंवा कमी असेल तर धमन्यांच्या बाजूने. मग सरासरी प्रेशरमधून वेज वजा करून मिनिटाच्या रक्तप्रवाहाने भागलं की धमन्यांचा रेझिस्टन्स मिळतो, तो २ युनिटपर्यंत ठीक. उदाहरण घ्या, सरासरी ३२, वेज २४, प्रवाह ५ लिटर, तर रेझिस्टन्स १.६, धमन्या निर्दोष आहेत आणि सगळं डावीकडून आलंय. सरासरी ५०, वेज १०, प्रवाह ४, तर रेझिस्टन्स १०, इथे धमन्यांचाच मोठा आजार आहे. आणि सरासरी ४०, वेज २४, प्रवाह ५ असेल तर ३.२, म्हणजे सुरुवात डावीकडून झाली पण इतकी वर्षं प्रेशर सोसून धमन्याही जाड व्हायला लागल्यात. इकोवर हे तिघेही ‘सिव्हिअर पीएएच’ म्हणून येऊ शकतात, म्हणून मी त्या एका ओळीवर इतका वेळ घालवतोय.

आजचं वर्गीकरण पाच ग्रुपचं आहे. १९७३ साली जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेची पहिली बैठक झाली तेव्हा नुसतं प्रायमरी आणि सेकंडरी असं होतं. ती बैठक भरायचं कारणही सांगण्यासारखं आहे, स्वित्झर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रियात अमिनोरेक्स नावाची भूक मारायची गोळी विकली जात होती आणि ती घेणाऱ्या लोकांत हा आजार अचानक वाढलेला दिसला. पुढे १९९८ ला एव्हियांच्या परिषदेत ग्रुप पडले आणि मग दर पाच-सहा वर्षांनी त्यात दुरुस्त्या होत गेल्या. मी ग्रुपच्या नंबराप्रमाणे सांगत नाही, आपल्या ओपीडीत जे जास्त दिसतं तिथून सुरू करतो.

सगळ्यात जास्त पेशंट ग्रुप २ चे, डाव्या हृदयामुळे होणारे. जगभरात निम्म्याहून बरेच जास्त यातच मोडतात. तुमच्या आईंच्या रिपोर्टमध्ये ईएफ ६० बघून कोणीतरी ‘हार्ट नॉर्मल आहे’ म्हणालं असेल. ईएफ नॉर्मल म्हणजे हृदय आकसतंय चांगलं. पण ते सैल पडतंय का, हा वेगळा प्रश्न आहे. वर्षानुवर्षं बीपी, शुगर, वजन, साठीनंतरचं वय, यात डावं व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा, रक्त ढकलणारा कप्पा) कडक होतं, त्यात रक्त भरताना प्रेशर वाढतं, त्याच्या मागचं एट्रिअम ताणून मोठं होतं आणि रक्त फुप्फुसात तुंबतं. डावं एट्रिअम मोठं ही जी ओळ रिपोर्टमध्ये आहे ती माझ्या दृष्टीने ६५ पेक्षा महत्त्वाची आहे. मध्येच धडधड होते का, नाडी अनियमित लागते का हेही विचारा, कारण एट्रिअल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्याचे अनियमित ठोके) याच लोकांत जास्त सापडतं. इथे उपचार म्हणजे पाणी कमी करणाऱ्या गोळ्या, बीपी घट्ट ताब्यात, मीठ कमी (लोणचं, पापड, फरसाण, सगळं यात आलं), वजन, आणि गेल्या काही वर्षांत एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्यांचा अशा हार्टला चांगला फायदा दिसलाय, पण त्या आईंना चालतील का हे किडनीचा रिपोर्ट बघून त्यांचे डॉक्टर ठरवतील.

याच ग्रुपमध्ये व्हॉल्व्हचे आजार येतात आणि आपल्या देशात हा भाग फार मोठा आहे. लहानपणी घसा दुखून ताप, सांधे सुजणं, मग पुढे विशी-तिशीत मायट्रल व्हॉल्व्ह आकसलेला सापडतो. अशा तरुण बायका गरोदरपणात दम लागून येतात, तोपर्यंत कोणी छातीला स्टेथोस्कोप नीट लावलेला नसतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हा प्रकार बऱ्याचदा सुधारता येतो, व्हॉल्व्हचा आकार योग्य असेल तर जांघेतून फुगा नेऊन तो उघडतात आणि फुप्फुसाचं प्रेशर त्याच दिवशी खाली यायला लागतं. तर इकोत मायट्रल आणि एओर्टिक व्हॉल्व्हबद्दल काय लिहिलंय ते आवर्जून वाचा.

दुसरा मोठा गठ्ठा ग्रुप ३ चा, फुप्फुसाचे आजार आणि ऑक्सिजन कमी पडणं. फुप्फुसाच्या धमन्यांची एक खास सवय आहे, जिथे ऑक्सिजन कमी तिथली धमनी आकसते, म्हणजे रक्त चांगल्या भागाकडे वळावं. न्यूमोनियात एक तुकडा खराब झाला तर ही सोय उत्तम आहे, पण अख्ख्या फुप्फुसातच ऑक्सिजन कमी असेल तर सगळ्याच धमन्या आकसतात, प्रेशर वाढतं, आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं की त्या जाड होऊन बसतात. विडी-सिगारेटची सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणं) सगळ्यांना माहितीय. पण आपल्या भागात मी कधीही फक्त धूम्रपान विचारून थांबत नाही. येऊरच्या पाड्यांवरच्या किंवा गावाहून मुलाकडे आलेल्या आजींनी आयुष्यभर चुलीपुढे फुंकणी फुंकलेली असते. तुर्भ्याकडे दगडखाणीत काम केलेले लोक आहेत, त्यांच्या फुप्फुसात सिलिका बसलेली असते. जुना टीबी बरा होऊन गेलाय पण वरचा लोब पार आकसून गेलाय, असे तर खूप. आणि कबुतरं. ठाण्यात, ऐरोली-वाशीत सगळीकडे एसीच्या मागे, डक्टमध्ये कबुतरांची घरटी असतात, विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासात जाते, काही लोकांना त्याची अशी अ‍ॅलर्जी होते की फुप्फुस हळूहळू घट्ट होत जातं. हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात त्याला. वर्षभर कोरडा खोकला आणि दम, कफ सिरपवर कफ सिरप, आणि एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईने काढलेला सीटी) केल्यावर कळतं. घरात दाणे टाकत असाल तर बंद करा, हे मी कळकळीने सांगतोय.

घोरणंही याच ग्रुपमध्ये. आई जोरात घोरते असं तुम्ही लिहिलंय, मध्येच श्वास थांबून दचकून जागी होते का, सकाळी डोकं जड असतं का, दिवसा टीव्हीसमोर डुलक्या लागतात का हे बघा. ८४ किलो वजनात स्लीप अ‍ॅप्निया असायची शक्यता चांगलीच आहे, आणि सोबत रात्रभर कार्बन डायऑक्साइड साठत असेल तर प्रेशर बरंच वाढू शकतं. स्लीप स्टडी घरीसुद्धा होते. यावरचा उपचार सीपॅप किंवा बायपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवा देणारं), गोळी नाही. सीओपीडीत किंवा फायब्रोसिसमध्ये (फुप्फुस घट्ट होणं) ऑक्सिजन ठरावीक पातळीखाली असेल तर दिवसात किमान १५ तास घरचा ऑक्सिजन लावावा लागतो, दम लागला की तेवढ्यापुरता दहा मिनिटं लावून काढून ठेवला तर धमन्यांना त्याचा उपयोग होत नाही. आणि फुप्फुस घट्ट होण्याच्या आजारात, आयपीएफमध्ये, एम्ब्रिसेंटन हे पीएएचचं औषध वापरून बघितलं होतं तेव्हा पेशंट सुधारायच्या ऐवजी बिघडले, म्हणजे ग्रुप चुकला की काय होतं त्याचं हे सरळ उदाहरण.

आता ग्रुप ४, आणि इथे सगळ्यांनी जरा लक्ष द्या कारण हा ग्रुप सगळ्यात जास्त निसटतो. पायाच्या शिरेत गुठळी होते, सुटून फुप्फुसात जाते, बहुतेकांची औषधाने विरघळते, पण शंभरातल्या तीन-चार जणांची विरघळत नाही, तिचं चिवट दोरीसारखं जाळं होऊन धमनीच्या आतल्या भिंतीला चिकटून बसतं. याला सीटीईपीएच म्हणतात. ऑपरेशननंतर, फ्रॅक्चरनंतर, बाळंतपणानंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर पाय सुजला होता, छातीत दुखलं होतं, मग ‘गॅसेस’ म्हणून सोडून दिलं, अशी हिस्टरी मिळते. पण बऱ्याच जणांना तर गुठळी झाल्याचं आठवतही नाही. प्लीहा काढलेली असेल, अँटिफॉस्फोलिपिडचा (रक्त सहज गोठण्याचा) आजार असेल, पेसमेकरची जुनी वायर असेल तर धोका जास्त.

याची तपासणी व्ही-क्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतंय ते दाखवणारा), न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये होते. लोक म्हणतात सीटी अँजिओ केलाय आणि त्यात गुठळी नाही असं आलंय. ताज्या मोठ्या गुठळीसाठी सीटी उत्तम आहे, पण जुनी, भिंतीला चिकटलेली, लांबच्या फांद्यांमधली गुठळी त्यात सुटू शकते. व्ही-क्यू स्कॅन नॉर्मल आला तर सीटीईपीएच जवळजवळ नाहीच असं म्हणता येतं. मी याचा इतका आग्रह का धरतो, तर सगळ्या पीएचमध्ये हा असा प्रकार आहे की ज्यात ऑपरेशनने आजार मुळासकट जाऊ शकतो. शरीर २० डिग्रीच्या आसपास थंड करून, रक्ताभिसरण थोडा वेळ थांबवून सर्जन धमनीच्या आतलं ते अस्तर सोलून काढतात. हे काम देशात मोजक्याच ठिकाणी होतं, ज्यांचा हात बसलाय त्यांच्याकडेच जावं. ज्यांना ऑपरेशन शक्य नाही त्यांना बलून अँजिओप्लास्टी किंवा रिओसिग्वाट गोळी आहे. रक्त पातळ करायची गोळी मात्र जन्मभर. एपीएमसीत माल उचलणारे एक चाळिशीतले गृहस्थ दम्याचे पंप घेत होते, पंपाने काडीचा फरक नव्हता, त्यांचा स्कॅन केला तेव्हा उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात रक्तच पोचत नव्हतं. ऑपरेशन होऊन आज ते परत कामावर आहेत, म्हणून म्हणतो की पीएचचं कारण सरळ दिसत नसेल तर हा स्कॅन केल्याशिवाय फाइल बंद करू नका.

ग्रुप १ म्हणजे खरं पीएएच. इथे फुप्फुसाच्या बारीक धमन्यांची भिंतच आतून जाड होत जाते. बायकांमध्ये जास्त, बऱ्याचदा तरुण वयात, आणि सुरुवातीला ‘अशक्तपणा आहे, टेन्शन आहे, रक्त कमी आहे’ यातच वर्ष-दोन वर्षं जातात. काहीच कारण न सापडलेलं ते इडिओपॅथिक. घराण्यात असेल तर हेरिटेबल, त्यात बीएमपीआर२ नावाच्या जीनमधला दोष सगळ्यात जास्त सापडतो, तो २००० साली कळला. म्हणून घरात कोणी तरुण माणूस दम लागून किंवा चालता चालता चक्कर येऊन अचानक गेलं होतं का, हे विचारायला लाजू नका. औषधांमुळे होणारं, अमिनोरेक्सनंतर फेनफ्लुरामिननेही तेच केलं, ते १९९७ ला अमेरिकेत मागे घेतलं गेलं. ब्लड कॅन्सरमधलं डासाटिनिब, मेथअ‍ॅम्फेटामिनचं व्यसन, हेही. वजन कमी करायची नाव नसलेली पावडर कोणी घेत असेल तर तिचं पाकीट डॉक्टरांना दाखवा.

मग स्क्लेरोडर्मा, ल्युपससारखे आजार, ज्यात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. थंडीत किंवा फ्रिजमध्ये हात घातल्यावर बोटं पांढरी-निळी पडतात का, चेहऱ्याची, बोटांची कातडी ताणल्यासारखी झालीय का. स्क्लेरोडर्माच्या दहा पेशंटमागे साधारण एकाला पीएएच होतं, त्यामुळे त्यांनी दम नसला तरी वर्षातून एकदा इको करायचाच. लिव्हर सिरॉसिसमधलं पोर्टल प्रेशर (लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतलं), एचआयव्ही, आणि जगाच्या दुसऱ्या भागात, ब्राझीलसारख्या ठिकाणी, शिस्टोसोमा नावाचा जंत, हीही पीएएचची कारणं.

आणि जन्मजात हृदयाचं छिद्र. याच्यावर थोडं थांबतो. एएसडी, व्हीएसडी (हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या पडद्यातलं छिद्र), पीडीए (जन्मानंतर बंद न झालेली नळी), यातून डावीकडचं रक्त उजवीकडे जात राहतं, फुप्फुसाला वर्षानुवर्षं जास्तीचा लोंढा सोसावा लागतो आणि शेवटी धमन्या इतक्या जाड होतात की प्रवाह उलटा फिरतो, ओठ-नखं निळी पडतात. याला आयसेनमेंगर म्हणतात. एएसडी चाळिशीपर्यंत पत्ता लागू न देता राहू शकतं आणि त्याचा काही प्रकार नेहमीच्या छातीवरच्या इकोत दिसत नाही, अन्ननलिकेतून इको किंवा सीटी करावा लागतो. वेळेत सापडलं तर छिद्र बंद करून प्रश्न मिटतो, आयसेनमेंगर झाल्यावर मात्र बंद केलं तर जिवावर बेतू शकतं कारण उजव्या बाजूला तेवढीच मोकळी वाट राहिलेली असते. लहान मुलाच्या छातीत आवाज आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून बसू नका, इको करून खात्री करा.

ग्रुप १ मधलीच एक वेगळी जात म्हणजे पीव्हीओडी, यात बारीक शिरा बुजतात, डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू शिरण्याची क्षमता) फार कमी येतो, आणि पीएएचची औषधं दिली की फुप्फुसात पाणी भरू शकतं.

ग्रुप १ साठी आज औषधं चांगली आहेत. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, सोबत बोसेंटन, एम्ब्रिसेंटन किंवा मॅसिटेंटन, पुढे सेलेक्सिपॅग, शिरेतून प्रोस्टासायक्लिनची औषधं, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं सोटाटरसेप्ट, जे धमनीच्या जाड होण्याच्या प्रक्रियेवरच काम करतं. कॅथ करतानाच नायट्रिक ऑक्साइड हुंगवून टेस्ट करतात, इडिओपॅथिकमधल्या थोड्या लोकांचं प्रेशर त्यात धाडकन खाली येतं, त्यांना साध्या कॅल्शियम चॅनल ब्लॉकरवर वर्षानुवर्षं बरं ठेवता येतं. टेस्ट न करता मात्र पीएएचसाठी ती गोळी कोणाला देऊ नये. या ग्रुपमधल्या बायकांना गरोदरपणाचा धोका फार मोठा असतो, लग्न ठरवताना, झाल्यावर, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, सासरी काय वाटेल म्हणून लपवू नका.

ग्रुप ५ मध्ये मिश्र कारणं. डायलिसिसवरचे किडनीचे पेशंट, सारकॉइड (फुप्फुसात आणि इतरत्र बारीक गाठी होणारा आजार), थॅलसेमिया, सिकल सेल. सिकल सेल पालघर, नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी समाजात बराच आहे, तिकडून आलेल्या पेशंटला दम लागत असेल तर सिकलिंग टेस्ट करायलाच हवी. सिकलमध्ये सिल्डेनाफिलची चाचणी २००९ मध्ये मध्येच थांबवावी लागली होती कारण दुखण्याचे झटके वाढले.

आता तुमच्या आईंकडे येतो. न तपासता निदान करणं बरोबर नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला पहिला संशय ग्रुप २ चा आहे, कडक झालेलं डावं हृदय, आणि त्यात घोरण्यामुळे ग्रुप ३ चा वाटा. एकाच माणसात दोन ग्रुप असणं अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे तुमचे दोन्ही डॉक्टर एका अर्थी बरोबर असू शकतात. क्रम असा ठेवा, आधी ईसीजी, छातीचा एक्सरे, हिमोग्लोबिन, किडनी, लिव्हर, थायरॉइड, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी), एचआयव्ही, एएनए (ल्युपससारख्या आजारांसाठीची). इको परत करायचा तर हार्टच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की डाव्या बाजूचं फिलिंग प्रेशर, व्हॉल्व्ह, छिद्र आणि उजव्या व्हेंट्रिकलची ताकद यावर लिहून द्या. मग पीएफटी (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) डीएलसीओसकट, स्लीप स्टडी, गरज वाटली तर एचआरसीटी. पोटाची सोनोग्राफी. यात डावी बाजू किंवा फुप्फुस स्पष्ट दोषी दिसलं आणि त्याच्या मानानेच प्रेशर वाढलेलं असेल तर त्याचा उपचार करून तीन महिन्यांनी परत बघायचं. आजार थोडा आणि प्रेशर खूप, असं विसंगत दिसलं, किंवा उजवं व्हेंट्रिकल फुगून थकलेलं असेल, तर व्ही-क्यू स्कॅन आणि कॅथ, आणि तेही पीएच नेहमी बघणाऱ्या टीमकडे. कॅथच्या नावाने घाबरू नका, ही अँजिओप्लास्टी नाहीये, अनुभवी हातात छोटी प्रोसिजर आहे. मध्येच चालताना चक्कर येऊन पडणं, ओठ निळे होणं, पोटात पाणी भरणं यातलं काही झालं तर हा क्रम वगैरे सोडा, त्याच दिवशी अ‍ॅडमिट करा.

सिल्डेनाफिल आत्ता चालू करू नका. ग्रुप २ मध्ये पुढे बंद पडलेला ट्रक तसाच असताना मागचा रस्ता रुंद केला की फुप्फुसात आणखी रक्त लोटलं जातं. कडक हृदयाच्या पेशंट्सवर ही गोळी वापरून बघितलीय, चालण्याच्या ताकदीत फायदा दिसला नाही, आणि स्पेनमध्ये व्हॉल्व्हचं ऑपरेशन होऊनही प्रेशर उरलेल्या पेशंट्सवर केलेल्या अभ्यासात गोळी घेणाऱ्यांची तब्येत न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडली. शिवाय आईंच्या डब्यात जिभेखालची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची कुठलीही गोळी असेल तर दोन्ही मिळून बीपी एकदम कोसळतं. मामेभावाला हे समजावून सांगा, त्याच्यावर चिडू नका.

राहिला केदारनाथचा प्रश्न. मंदिर साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथे हवेतला ऑक्सिजन कमी, वर सांगितलं तशा फुप्फुसाच्या धमन्या आकसणार आणि आधीच ताणलेल्या उजव्या हृदयावर आणखी लोड. हेलिकॉप्टरने नेतो म्हणजे चालावं लागणार नाही, असं बरेच जण म्हणतात, पण उंची तेवढीच राहते आणि शरीराला सवय व्हायला वेळही मिळत नाही. माझं स्पष्ट मत, कारण कळून उपचार बसेपर्यंत ते बुकिंग रद्द करा. पीएचच्या पेशंटना १५०० मीटरच्या वर ऑक्सिजनच्या सोयीशिवाय जाऊ नका असंच आम्ही सांगतो. आईंची इच्छा मोडायची नसेल तर हरिद्वार-ऋषिकेश दोन्ही चारशे मीटरच्या आत आहेत, तब्येत स्थिर असेल तर तिथे नेता येईल. निघायच्या आधी बसल्या जागी आणि सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन मोजून घ्या, बसल्या जागीच ९२ च्या खाली असेल तर विमानातही ऑक्सिजन लागू शकतो, कारण केबिनमधलं प्रेशर डोंगरावरच्यासारखं कमी असतं, आणि ते तिकीट काढतानाच एअरलाइनला कळवावं लागतं.